बहुभाषिक शिक्षणाचा कोर्स करताना एक मूल धरून ठेवा

आलेला प्रश्न थोडक्यात असा: एक शिक्षिका बारा वर्षं प्राथमिकच्या वर्गांना शिकवत आहेत. त्यांनी द्विभाषिक आणि बहुभाषिक शिक्षणाच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलंय. वर्गात तीन-चार घरभाषांची मुलं आहेत, शाळेची भाषा मात्र एकच. वाचायचं साहित्य बहुतेक इंग्रजीत आहे आणि त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो. त्या विचारतात, अभ्यासाला सुरुवात कुठून करू, सिद्धांत किती वाचू, प्रकल्पाला कोणता विषय घेऊ, आणि मुलांच्या भाषा मला स्वतःला येत नसतील तर या कोर्सचा उपयोग होईल का?

मी आधी वर्गावर होते, मग हा कोर्स केला, आणि आता बरीच वर्षं हा कोर्स करणाऱ्या शिक्षकांचे प्रकल्प तपासते, त्यांच्या वर्गात मागे बसून पाठ बघते. त्या अनुभवातून एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते. कोर्स सुरू होण्याआधी तुमच्या वर्गातलं एक मूल निवडा. शाळेची भाषा ज्याच्या घरी कुणी बोलत नाही, असं मूल. कोर्स संपेपर्यंत त्याला सोडू नका. जे वाचाल ते त्याच्याशी ताडून बघा, आणि जे त्याच्या बाबतीत बसत नाही त्याच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा. पालकांची परवानगी घ्या, वहीत त्याचं खरं नाव लिहू नका. एवढं केलंत तर पुस्तकातली निम्मी अवघड प्रकरणं आपोआप सोपी होतील.

मूल कोणतं निवडायचं? अगदी गप्प बसणारं नको, वर्गातलं सगळ्यात हुशारही नको. ज्याच्याबद्दल तुम्ही स्टाफरूममध्ये म्हणता, ‘बोलतो छान, पण अभ्यासात मागे पडतो’, ते मूल निवडा. या एका वाक्यात कोर्सचा मोठा भाग दडलेला आहे.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. घरी हिंदी, शाळेत मराठी. मैदानावर तो मराठीत भांडायचा, विनोद सांगायचा, माझ्याकडे तक्रारी घेऊन यायचा. त्याला मराठी येते हे मी गृहीत धरलं होतं. एकदा फळ्यावर गणित दिलं, ‘६ मुलांना प्रत्येकी ४ पेन्सिली दिल्या, तर एकूण किती पेन्सिली लागतील?’ त्याने वहीत ६ + ४ = १० असं लिहिलं. मी त्याला जवळ बोलावून हिंदीत विचारलं, ‘छह बच्चे हैं, हर बच्चे को चार पेंसिल देनी हैं, कितनी लगेंगी?’ तो क्षणभरात म्हणाला, ‘चौबीस.’ गुणाकार त्याला येत होता. अडला होता तो ‘प्रत्येकी’ या शब्दावर. मैदानावर कुणी ‘प्रत्येकी’ म्हणत नाही. तो शब्द पुस्तकात राहतो.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हाच फरक नाव देऊन मांडला. रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी, अभ्यासाची भाषा वेगळी. बोलण्याच्या भाषेला समोरचा चेहरा, हातवारे, समोरची वस्तू यांचा आधार असतो. अभ्यासाच्या भाषेला असे आधार फार थोडे असतात, तिथे शब्दांनाच सगळा अर्थ वाहून न्यावा लागतो. टोरांटोतल्या स्थलांतरित मुलांच्या आकडेवारीवरून त्यांनी पुढे दाखवलं की नव्या भाषेत बोलणं साधायला साधारण २ वर्षं लागतात, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला ५ ते ७ वर्षं जातात. मधल्या वर्षांत आपण मुलावर ‘ढ’ असा शिक्का मारतो. त्या वर्षांत मूल खरं तर एक मोठं काम करत असतं, आणि ते आपल्याला दिसत नाही.

पण इथेच थांबू नका. हा फरक परीक्षेपुरता पाठ करून पुढे जाणारे शिक्षक मी बरेच पाहिले आहेत. या मांडणीवर टीकाही झाली आहे. भाषेचे असे दोन कप्पे खरंच पाडता येतात का? अभ्यासाची भाषा ‘वरची’ आणि बोलण्याची ‘खालची’ असं त्यातून सुचवलं जात नाही का? पेन्सिलींच्या त्या गणितानंतर मी स्वतःलाही एक प्रश्न विचारला. मुलाला उत्तर आलं ते हिंदीमुळे, की मी वाक्य सोपं केलं म्हणून? दुसऱ्या दिवशी तसंच गणित मराठीतच, पण ‘प्रत्येक मुलाला ४’ असं म्हणून दिलं. तेही त्याने बरोबर सोडवलं. म्हणजे अडसर संपूर्ण मराठीचा नव्हता, एका विशिष्ट शब्दाचा होता. ही तपासणी केली नसती तर मी ‘मुलाला मराठी कळत नाही’ असा मोठा आणि चुकीचा निष्कर्ष काढला असता. कोर्समध्ये कमवायची मुख्य गोष्ट ही सवय आहे. आपला पहिला अर्थ लगेच खरा मानायचा नाही, एक पाऊल पुढे जाऊन तपासायचं.

आता ऐकण्याबद्दल. बहुतेक कोर्समध्ये निरीक्षणाचा स्वाध्याय असतो. तो करताना नुसती टिपणं घेऊ नका. फोनवर पाच मिनिटं मुलाचं बोलणं रेकॉर्ड करा आणि ते शब्दन् शब्द लिहून काढा. पाच मिनिटांचं बोलणं लिहायला सहज तासभर लागतो, कारण पहिल्यांदा ऐकताना आपला कान वाक्य परस्पर दुरुस्त करून घेतो. तीन वेळा ऐकल्यावर मूल खरंच काय म्हणालं ते कळतं. अडखळणं, अर्धी वाक्यं, मिसळलेले शब्द, सगळं जसंच्या तसं उतरवा.

असं लिहून काढलेल्या एका संभाषणात एक मुलगी मैत्रिणीला म्हणते, ‘चल, आम्ही खेळूया.’ मैत्रीण फुरंगटून निघून जाते. प्रत्यक्ष वर्गात मला एवढंच दिसलं होतं की दोघींचं बिनसलं. लिहिताना लक्षात आलं की मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा माणूस बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. हिंदीत दोन्हींना ‘हम’च चालतो. ती मुलगी मैत्रिणीला आत बोलावत होती, मैत्रिणीला ऐकू आलं ते ‘तू नको’. दोघींचंही आपापल्या जागी बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन गोल काढले, एका गोलात ‘आपण’, दुसऱ्यात ‘आम्ही’, आणि समोरचा माणूस कुठल्या गोलात उभा राहतो ते मुलांनाच उभं करून दाखवायला लावलं. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांनाही हा फरक त्या दिवशी पहिल्यांदाच जाणवला. आपण जो नियम न बोलता पाळत होतो तो त्यांना दिसला. बहुभाषिक वर्गाचा फायदा फक्त ‘बाहेरून आलेल्या’ मुलांना होतो असं म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते.

तसंच ‘माझी पुस्तक’चं. वहीत त्यावर लाल गोल करणं सोपं असतं. पण हिंदीत पुस्तक हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग तिथे नाहीच. मुलाने लिंग मनाने ठरवलेलं नाही, त्याने एक पक्का नियम उचलून इकडे आणला आहे. तो आणलेला नियम दिसायला लागला की तपासणीची पद्धतच बदलते. तुम्ही पन्नास चुकांवर पन्नास गोल करत नाही, एकच धडा घेता, ‘मराठीत तीन लिंगं, तुझ्या भाषेत किती?’

तिसरं उदाहरण वाचनाचं, आणि माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. गोष्टीत वाक्य होतं, ‘राजाने त्याला शिक्षा दिली.’ मी विचारलं, राजाने काय केलं? एक मुलगा म्हणाला, ‘राजाने त्याला शिकवलं.’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. त्या मुलाने अक्षरं बरोबर वाचली, वाक्यरचना बरोबर लावली, अर्थही तर्कशुद्धपणे काढला. तरी आपल्या गुणपत्रिकेत त्याला ‘आकलन कमी’ मिळतं. तुमच्या मुलाच्या भाषेत आणि शाळेच्या भाषेत सारखे दिसणारे पण अर्थाने वेगळे शब्द कोणते आहेत, त्यांची वही पहिल्या महिन्यापासून ठेवा. ही वही तुम्हाला कुठल्याही पुस्तकात आयती मिळणार नाही.

सिद्धांत किती वाचायचा? थोडा, पण वादासकट. या विषयाचा इतिहास हा चुकीच्या प्रश्नांचा आणि मग सुधारलेल्या प्रश्नांचा इतिहास आहे. १९२३ मध्ये वेल्समध्ये सेअर यांनी बुद्धिचाचण्या घेतल्या. त्यात ग्रामीण भागातली द्विभाषिक मुलं मागे पडलेली दिसली आणि दोन भाषांनी डोक्यात गोंधळ होतो असा समज बळावला. पुढे १९६२ मध्ये माँट्रिऑलला एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यांनी घरची सामाजिक-आर्थिक परिस्थिती सारखी असलेल्या मुलांची तुलना केली, आणि फ्रेंच-इंग्रजी द्विभाषिक मुलं पुढे निघाली. इथे थांबून विचार करा. मुलांची डोकी मधल्या काळात बदलली नव्हती, तुलना करायची पद्धत बदलली होती. आणि पील-लँबर्ट यांच्या अभ्यासावरही आक्षेप आहे. त्यांनी दोन्ही भाषांवर सारखं प्रभुत्व असलेलीच मुलं द्विभाषिक गटात घेतली, म्हणजे गट मुळातच निवडक होता. कोर्समध्ये प्रत्येक संशोधन वाचताना हे तीन प्रश्न विचारा. कोणती मुलं घेतली, कोणत्या भाषेत तपासली, आणि कुणाशी तुलना केली? या तीन प्रश्नांची उत्तरं देता आली तर तुमचा लेख चांगला होतो, नावं कमी आठवली तरी.

भारतातल्या कामापैकी अजित मोहंती यांचं काम आवर्जून वाचा. ओडिशातल्या कंध समाजात काही ठिकाणी मुलं कुई आणि ओडिया दोन्ही बोलतात, काही ठिकाणी भाषा बदलत जाऊन फक्त ओडिया उरली. समाज एकच, संस्कृती एकच, फरक द्विभाषिक असण्याचा. त्यामुळे तुलना स्वच्छ झाली, आणि दोन्ही भाषा राखलेली मुलं बौद्धिक चाचण्यांत सरस दिसली. गरीब, शाळेपासून दूर असलेल्या समाजातही दुसरी भाषा ओझं ठरत नाही, हे यातून कळतं.

एका जोडीवर मात्र भरपूर वेळ घालवा, कारण बहुतेक शिक्षक इथे गोंधळतात. १९६५ मध्ये माँट्रिऑलजवळच्या सेंट लँबर्ट इथे इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहावरून बालवर्गापासून फ्रेंच माध्यमाचा प्रयोग सुरू झाला. मुलं फ्रेंच शिकली आणि त्यांचं इंग्रजी घसरलं नाही. आता दुसरीकडे बघा. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चिनी बोलणारी सुमारे १,८०० मुलं काहीही वेगळी मदत नसताना इंग्रजी वर्गात बसवलेली होती. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७४ च्या लाउ विरुद्ध निकोल्स निकालात न्यायालयाने म्हटलं की सर्वांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही. दोन्ही ठिकाणी मुलं परक्या भाषेत शिकत होती. मग एका ठिकाणी यश आणि दुसऱ्या ठिकाणी अन्याय का?

कारण सेंट लँबर्टच्या मुलांची इंग्रजी सुरक्षित होती. घरात, बाजारात, टीव्हीवर, सत्तेत सगळीकडे ती होती. पुढे शाळेतही इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली. वर्गातल्या सगळ्यांनाच फ्रेंच नवी होती, त्यामुळे कुणी मागे पडलेला नव्हता. शिक्षकांना मुलांची भाषा कळत होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलांकडे यातलं काहीच नव्हतं. वर आलेले अभ्यासक वॉलेस लँबर्ट यांनी यासाठी दोन नावं दिली, भर घालणारी द्विभाषिकता आणि वजा करणारी द्विभाषिकता. पहिलीत नवी भाषा जुन्या भाषेत मिळवली जाते, दुसरीत नवी भाषा जुनीच्या जागी येऊन बसते. ‘अमक्याची मुलं पहिलीपासून दुसऱ्या माध्यमात जाऊन उत्तम शिकली की’ असं तुम्हाला मुख्याध्यापक, पालक, नातेवाईक सगळे ऐकवतील. उत्तर या जोडीत आहे. त्या मुलांची घरची भाषा किती भक्कम होती, घरी पुस्तकं होती का, मदत होती का, ते विचारा.

प्रारूपांचं, म्हणजे बहुभाषिक शाळा चालवायच्या ठरीव पद्धतींचं प्रकरण मात्र लवकर उरका. संक्रमणशील, संवर्धक, दुहेरी, निमज्जन अशी नावांची रांग असते. एक तक्ता करा आणि प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा, घरभाषा कोणत्या इयत्तेपर्यंत वापरली जाते आणि शेवटी किती भाषा शिल्लक राहाव्यात असा हेतू आहे. मग तुमची शाळा कुठे बसते ते प्रामाणिकपणे लिहा. बहुधा ती यापैकी कशातच बसणार नाही. मुलांना आधाराशिवाय पाण्यात सोडून दिलंय, असंच ते चित्र असेल. स्वाध्यायात ते तसंच लिहा. शाळेची बाजू सावरत लिहिलेले स्वाध्याय मी वाचते तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्या शिक्षकाला सगळं दिसलेलं असतं.

घरभाषेतून शिकवलं तर मोठी भाषा कच्ची राहते, हा आक्षेप तुमच्यापुढे येईलच. त्यासाठी नायजेरियातला इफे प्रकल्प नीट वाचून ठेवा. १९७० मध्ये तो सुरू झाला. प्राथमिकची सहाही वर्षं विषय योरुबा भाषेतून शिकवले आणि इंग्रजी हा विषय म्हणून स्वतंत्र, प्रशिक्षित शिक्षकांनी शिकवला. ही मुलं इतर विषयांत पुढे राहिली आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत. यातल्या ‘प्रशिक्षित’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. नुसती घरभाषा आणून भागत नाही, दुसरी भाषाही चांगली शिकवावी लागते.

आता ट्रान्सलँग्वेजिंग. सध्या हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे आणि त्याचा सगळ्यात जास्त विपर्यासही होतो. ‘मी वर्गात दोन्ही भाषा मिसळून बोलते, म्हणजे मी ते करतेच’ असं मला दर बॅचला कुणीतरी सांगतं. हा शब्द आला वेल्समधून. केन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये वेल्श-इंग्रजी वर्गांबद्दल तो मांडला तेव्हा त्यात आखणी होती. एका भाषेत वाचायचं किंवा ऐकायचं, आणि दुसऱ्या भाषेत बोलायचं किंवा लिहायचं. मधे अर्थ डोक्यातून पार व्हावाच लागतो, नुसतं उतरवून चालत नाही. पुढे ओफेलिया गार्सिया आणि इतर अभ्यासकांनी ही कल्पना पुष्कळ विस्तारली, तीही वाचा. पण पाठ घेताना विल्यम्स यांची आखणी हाताशी ठेवा.

उदाहरणार्थ, बाष्पीभवनाचा पाठ. ओल्या फडक्याने फळा पुसा आणि डाग हळूहळू नाहीसा होताना मुलांना बघू द्या. शाळेच्या भाषेतला चार ओळींचा उतारा सगळ्यांनी मिळून वाचायचा. मग एका घरभाषेच्या मुलांचा एक गट करून प्रश्न द्यायचा, ‘पाणी कुठे गेलं? ते आता आहे की संपलं?’ ही चर्चा त्यांच्या भाषेत, पूर्ण आठ-दहा मिनिटं. मधे जाऊन ‘मराठीत बोला’ म्हणायचं नाही. त्यानंतर फळ्यावर ‘वाफ’, ‘उष्णता’, ‘हवेत मिसळणे’ असे शब्द लिहायचे आणि प्रत्येक गटाने ते वापरून शाळेच्या भाषेत तीन वाक्यं लिहायची. शेवटचं पाऊल गाळलं तर मुलं गप्पा मारून घरी जातील. मधलं पाऊल गाळलं तर ती उताऱ्यातलीच वाक्यं परत लिहितील, अर्थाशिवाय. पाठ टाचणात प्रत्येक टप्प्यापुढे भाषा लिहा आणि ती भाषा तिथे का, याचं एका ओळीत कारण लिहा. तपासणारा आधी ती ओळ शोधतो.

गटात ज्याच्या भाषेचं दुसरं कुणीच नाही, असं एकटं मूल जवळजवळ प्रत्येक वर्गात असतं आणि पाठ टाचणात ते हमखास विसरलं जातं. त्याला आधी चित्र काढू द्या, त्याखाली त्याच्या भाषेतले शब्द त्याला येतील त्या लिपीत लिहू द्या. आईला किंवा मोठ्या भावंडाला आदल्या दिवशी तोच प्रश्न देऊन घरी बोलायला सांगा. एकट्या मुलाची सोय तुम्ही कशी केलीत, यावरून मला शिक्षकाची तयारी कळते.

पालकांबद्दल एक गोष्ट मला मोकळेपणाने सांगायची आहे. कोर्स करण्याआधी कितीतरी वर्षं मी पालकसभेत सांगत आले, ‘घरीसुद्धा शाळेचीच भाषा बोला, म्हणजे त्याला सवय होईल.’ चांगल्या हेतूनेच सांगत होते. १९९१ मध्ये लिली वाँग फिलमोर यांनी अमेरिकेतल्या अल्पसंख्याक भाषिक कुटुंबांबद्दल लिहिलेला लेख कोर्समध्ये वाचला. लहानपणीच शाळेच्या भाषेत ढकललेली मुलं घरची भाषा सोडतात आणि मग आईबापांशी मनातलं बोलायला त्यांच्याकडे भाषाच उरत नाही, असं त्यात होतं. माझ्या डोळ्यांपुढे एक आई आली. माझ्या सांगण्यावरून ती मुलाशी मोडक्या मराठीत बोलायची, ‘जेव, झोप, अभ्यास कर’ एवढंच. तिच्या भाषेत तिला गोष्टी, म्हणी, घराण्याच्या आठवणी येत होत्या. मी ते तिच्याकडून काढून घेतलं होतं. आता मी पालकांना सांगते, तुमच्या भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा, शाळेत आज काय शिकलास ते तुमच्या भाषेत समजावून सांगायला लावा. शाळेची भाषा शिकवणं हे आमचं काम आहे.

वाचन इंग्रजीत आहे आणि सावकाश होतं, ही तुमची काळजी मला कळते. पण तुम्ही आत्ता नेमक्या तुमच्या त्या मुलाच्या जागी आहात, आणि या कोर्ससाठी याहून चांगली तयारी नाही. मुलाला जो आधार द्याल तोच स्वतःला द्या. ओळीन् ओळ भाषांतर करू नका, लेख तिथेच सोडून द्याल. आधी सारांश, मग शेवटचा भाग, मग तक्ते. त्यानंतर पुस्तक मिटून मराठीत पाच वाक्यं लिहा, ‘हे काय म्हणतात?’ अडलं तिथेच परत जा. कोर्समधली एखादी सोबतीण गाठा आणि आठवड्यातून एकदा मराठीत त्या लेखावर बोला, मग उत्तर हव्या त्या भाषेत लिहा. पारिभाषिक शब्दांची वही करा, पण तिथे व्याख्या उतरवू नका. प्रत्येक शब्दापुढे तुमच्या वर्गातला एक प्रसंग लिहा. स्वाध्याय मराठीत देता येतील का, हेही आयोजकांना पहिल्याच आठवड्यात विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

प्रकल्प लहान घ्या. शंभर पालकांची प्रश्नावली, भिंतीवर पाच भाषांतले तक्ते, असले प्रकल्प मी खूप वाचलेत. पालक प्रश्नावलीत बरं दिसेल तेच लिहितात, आणि तक्ते दुसऱ्या महिन्यात कुणी वाचत नाही. त्याऐवजी सहा मुलं आणि गणितातल्या शाब्दिक उदाहरणांच्या आठ जोड्या घ्या. जोडीतली दोन्ही उदाहरणं सारख्याच अवघडपणाची, आकडे वेगळे, एक शाळेच्या भाषेत आणि एक घरभाषेत. तीन मुलांना आधी शाळेच्या भाषेतली द्या, तीन मुलांना आधी घरभाषेतली. नाहीतर दुसऱ्यांदा सोडवताना झालेल्या सरावालाच तुम्ही भाषेचा परिणाम समजाल. नुसतं बरोबर-चूक मोजू नका. प्रत्येक चुकीपाशी मुलाला विचारा, ‘तू काय केलंस ते सांग,’ आणि ते रेकॉर्ड करा. सहा मुलांच्या त्या उत्तरांतून जे हाती येईल ते तुम्ही पुढच्याच सोमवारी वर्गात वापरू शकाल. घरभाषेतली उदाहरणं तयार करायला त्या भाषेच्या एखाद्या पालकाची मदत घ्या आणि अहवालात त्या मदतीची नोंद करा. मापन करताना द्विभाषिकतेचे अभ्यासक फ्रान्स्वा ग्रोजाँ यांचं म्हणणं जवळ ठेवा. त्यांनी १९८९ मध्येच लिहिलं होतं की द्विभाषिक माणूस म्हणजे एकात बसवलेले दोन एकभाषिक नव्हेत. म्हणून मुलाचा शब्दसंग्रह मोजायचा तर दोन्ही भाषांतला मिळून मोजा. ‘चमचा’ एका भाषेत आणि ‘त्रिकोण’ दुसऱ्या भाषेत येत असेल तर त्याला दोन कल्पना येतात, अर्धी-अर्धी एक नव्हे.

राहिला शेवटचा प्रश्न, मुलांच्या भाषा तुम्हाला येत नाहीत त्याचा. चार घरभाषांच्या वर्गात कुठल्याच शिक्षकाला चारही भाषा येत नसतात. बोलता आली तर फार चांगलं, पण तुमचं काम त्या भाषेला वर्गात जागा देणं, तिच्यात झालेला विचार ऐकून घेणं आणि तो शाळेच्या भाषेत पोहोचवायला मदत करणं हे आहे. गट आपल्या भाषेत बोलत असताना तुम्हाला शब्द कळले नाहीत तरी कोण समजावतोय, कोण प्रश्न विचारतोय, कोण गप्प आहे, फळ्याकडे बोट कधी जातंय, हे सगळं दिसतं. मग एकाला चित्र काढून दाखवायला सांगता येतं.

आणि प्रत्येक भाषेतली थोडी वाक्यं शिकता येतात. ती पुस्तकातून किंवा फोनवरून शिकू नका, मुलाकडूनच शिका. तुम्ही निवडलेल्या त्या मुलाला उद्या जवळ बसवा आणि विचारा, ‘मला समजलं नाही, परत सांग, हे तुझ्या भाषेत कसं म्हणतात?’ ते वहीत लिहून घ्या, त्याच्यासमोर म्हणून बघा, तो दुरुस्त करील तसं पुन्हा म्हणा. आणि दुपारच्या तासाला, सगळ्या वर्गापुढे, त्याला त्याच भाषेत तेच वाक्य म्हणा.